एका शिट्टीतला खाऊ: घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी चटकन काय करता?

ओसरी_पारवा

प्राण्यांच्या आजारपणावर इथे ढीगभर धागे आहेत, खाण्याबद्दल मात्र सगळं प्रतिसादांत विखुरलेलं. म्हणून हा वेगळा धागा. अट एकच: आपली भाजी-आमटी होता होता ओट्यावर जे उरकेल तेच लिहा. चार तास खपून करायचे पदार्थ आणि परदेशातून मागवलेल्या पावडरी नकोत.

आमच्याकडे गुंडी आहे, गावठी कुत्री, १५ किलो, नसबंदी झालेली. शिवाय शेठ नावाचा बोका. सुरुवात मीच करते.

नाचणी-भोपळ्याची बिस्किटं: २ वाट्या नाचणीचं पीठ, १ अंडं, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा अर्धी वाटी, चमचाभर तेल. मीठ, साखर, गूळ, सोडा काही नाही. घट्ट मळायचं, पाव इंच जाड लाटायचं आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणाने गोल पाडायचे. ओव्हनमध्ये १६० अंशांवर २५-३० मिनिटं, मग ओव्हन बंद करून आतच ठेवायची म्हणजे कडक होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. साधारण ४५ होतात.

ताक-कलिंगड: बिया काढलेलं कलिंगड आणि पातळ, बिनमिठाचं ताक मिक्सरमधून फिरवून बर्फाच्या ट्रेमध्ये. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकेक तुकडा. शेठ याकडे ढुंकूनही बघत नाही.

तुमचं येऊ द्या.

शून्य_मिनिटे

माझी पाककृती: गाजर. धुवायचं, चिरायचं, द्यायचं. संपलं.

फरसबी वाफवून, काकडी, बी काढलेलं सफरचंद, हेही त्याच धर्तीवर. आमचा पॉमेरेनियन काकडीसाठी ज्या कसरती करतो त्या चिकनसाठीही करत नाही.

तिसरी_शिट्टी

मी खाऊच्या भानगडीत पडत नाही, सगळं जेवणच घरी करते. कुत्रा १५-१६ किलोचा. तीन दिवसांचं एकदम:

बिनहाडाचं चिकन ९०० ग्रॅम, तांदूळ सव्वादोनशे ग्रॅम, लाल भोपळा किंवा दुधी आणि फरसबी मिळून ३०० ग्रॅम, कलेजी ५०-६० ग्रॅम. भरपूर पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या. गार झालं की तीन डबे, आजचा फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीझरमध्ये. रोज वाढताना वरून एक उकडलेलं अंडं आणि चमचाभर तेल. चिकनवाल्याला "कुत्र्यासाठी" म्हटलं की तो पेटा आणि हृदयं स्वस्तात देतो, तेही यात जातं. एकूण मेहनत पंधरा मिनिटं. कुत्रा तुकतुकीत आहे, दोन वर्षं हेच चालू आहे.

डिंकाचा_लाडू

तिसरी_शिट्टी, मस्त! मी हेच करते, फक्त तांदळाऐवजी ज्वारीच्या कण्या.

खूर_ते_शेपूट

मी पशुवैद्य आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो.

वर दोन वेगळ्या गोष्टी एकाच धाग्यात आल्या आहेत, त्या वेगळ्या करू. बिस्किट, गाजर, बर्फ हा खाऊ. तो दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांत बसला तर त्यात पोषणाचा समतोल आहे की नाही याची चिंता करायची गरज नाही. विषारी काही नसलं की झालं. जेवण म्हटलं की हिशेब पार बदलतो.

आधी खाऊचा हिशेब. कुत्र्याचं वजन गुणिले ३०, अधिक ७०, आणि नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणायचं. गुंडी: १५ × ३० + ७० = ५२०, गुणिले १.६ म्हणजे जवळपास ८३० कॅलरी. दहा टक्के म्हणजे ८३. तुमच्या पाककृतीत पीठ, अंडं, तेल धरून एक बिस्किट २० कॅलरीच्या आसपास जातं, म्हणजे दिवसाला चार. शून्य_मिनिटे यांचा पॉम पाच किलोचा धरला तर त्याच्या वाट्याला ३५ कॅलरी, म्हणजे बिस्किटं दोनसुद्धा नाहीत. त्यांचं गाजर-काकडी धोरण त्याच्यासाठी योग्यच आहे. आणि एक साधी पोळी, तूप न लावलेली, १०० कॅलरीची असते. छोट्या कुत्र्याला आजी-आजोबा दोघांनी आपापल्या ताटातली एकेक पोळी दिली तर त्याच्या दिवसभराच्या गरजेतला निम्म्याहून जास्त भाग तिथेच संपला.

आता जेवण. तिसरी_शिट्टी, तुमचं प्रमाण उष्मांकाच्या दृष्टीने चांगलं जमलंय, कलेजीही बेतात आहे. पण त्यात कॅल्शियम कुठून येतंय? बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. कुत्र्याला दोन्ही निदान बरोबरीने लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच. रक्तातली पातळी राखायला शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. मोठ्या कुत्र्यात हे वर्षानुवर्षं बाहेरून दिसत नाही. पिल्लात मात्र काही आठवड्यांत पाय वाकतात आणि उडी मारली तरी हाड मोडतं. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या चिकनवर वाढवलेली अशी पिल्लं आम्हाला नेहमी बघायला मिळतात.

तिसरी_शिट्टी

बापरे. यावर घरगुती उपाय? अंड्याची टरफलं चालतात असं ऐकलंय.

खूर_ते_शेपूट

चालतात. धुवा, दहा मिनिटं उकळा, कडकडीत वाळवा आणि मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात पिठासारखी बारीक करा. कणी राहिली तर गाळून पुन्हा फिरवा. चहाचा अर्धा चमचा सपाट पुडीत साधारण एक ग्रॅम कॅल्शियम असतं. तुमच्या कुत्र्याच्या दिवसाच्या जेवणाला तेवढं पुरतं. शिजवताना नाही, वाढताना घाला, म्हणजे माप चुकत नाही.

दोन अपवाद. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मूतखडा असलेल्या प्राण्याला हे परस्पर सुरू करू नका. आणि पिल्लांना अंदाजाने तर मुळीच नको, विशेषतः लॅब्रॅडॉर, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या. लहान वयात आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. पिल्लाला वर्षभर तयार पिल्लाहारावर ठेवा आणि हौस खाऊत भागवा, हा माझा स्पष्ट सल्ला.

कॅल्शियम ही पहिली गोष्ट झाली. जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्वं हीसुद्धा घरच्या जेवणात हमखास कमी पडतात. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या, संकेतस्थळांवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. म्हणून पूर्ण घरचं जेवण द्यायचं असेल तर जवळच्या डॉक्टरांकडून वजन सांगून पूरक पावडर लिहून घ्या. ती महाग नसते.

लातूरकर_नाना

डॉक्टर, राग मानू नका, पण हे जरा अती होतंय. आमच्याकडे कारवानी कुत्री आहेत, माझ्या आज्याच्या काळापासून. ज्वारीची भाकरी, ताक, कधी अंडं, कधी मटणाची हाडं. यांच्या अंगावर हात फिरवून बघा, नुसती तार आहे. टरफलं दळून घालायचं आमच्या कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. शहरात कुत्रं पाळलं की आधी वजनकाटा विकत घेतात, असं दिसतंय.

डिंकाचा_लाडू

नाना +१. माहेरी वाघ्या चौदा वर्षं जगला. काय खायचा? पोळी.

खूर_ते_शेपूट

नाना, राग कसला. भाकरीच्या बाजूने मीच बोलतो. कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालत नाही, हे जे सध्या सांगितलं जातं ते चूक आहे. २०१३ मध्येच 'नेचर'मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचं काम आलं. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगता जगता कुत्रं बदललं.

पण तुमची कुत्री भाकरीवर जगतात असं तुम्हाला वाटतं, ती रानात काय करतात ते एकदा मागे जाऊन बघा. घूस, उंदीर, ससा, गाय व्यायली की तिची वार, मेलेल्या ढोराची हाडं. कॅल्शियम, जस्त, सगळं तिथून येतं. तुमच्या दारातली भाकरी हे त्यांच्या जेवणातलं एक ताट. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला रान नसतं. वाटीत पडेल तेवढंच त्याचं जग, म्हणून वाटीचा हिशेब मांडावा लागतो.

हाडांचं मात्र ऐका: शिजवलेलं हाड नको. कोंबडीचं तर नकोच. शिजलं की ते ठिसूळ होतं, फुटून टोकदार कपच्या निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

लातूरकर_नाना

वारेचं खरं आहे. म्हैस व्यायली की आधी यांना बांधावं लागतं.

पाटा_वरवंटा

आमच्या घरात मांस शिजत नाही, अंडंही नाही. लॅब्रॅडॉर आहे. त्याला शाकाहारावर ठेवणं क्रूरपणा आहे असं शेजारी ऐकवतात. तयार कोरडं अन्न देतोच, पण घरचं काय देता येईल? शिवाय तो चोवीस तास भुकेला असतो.

खूर_ते_शेपूट

क्रूरपणा नाही. काळजीपूर्वक आखलेल्या शाकाहारावर मोठा कुत्रा नीट राहू शकतो. पनीर, बिनपाण्याचा चक्का, भिजवून उकडून पिळलेले सोयाचे गोळे, मऊ शिजलेली मूगडाळ, भात, भोपळा, हे सगळं द्या. अमिनो आम्लं आणि बी-१२ यांसाठी पूरक पावडर इथे ऐच्छिक नाही, लागतेच. पनीरमध्ये चरबी बरीच असते, त्यामुळे चौकोनी तुकडा, अख्खी लादी नाही.

भुकेबद्दल: लॅब्रॅडॉरच्या बाबतीत ते पूर्णपणे नाटक नसतं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतलं एक जनुक तुटलेलं असतं. बिचाऱ्याला खरंच भूक लागते. त्याला वाफवलेली फरसबी आणि दुधी द्या, पोट भरतं आणि वजन वाढत नाही.

मांजर मात्र शाकाहारी होऊ शकत नाही. यात 'बहुधा' वगैरे काही नाही.

खाजा_मालवणी

शेवटी मांजर आलं एकदाचं! धाग्याच्या नावात मांजर आहे आणि चाळीस ओळी कुत्र्यावर.

आमच्याकडे तीन मांजरं. घरी मासळी साफ करताना काय द्यायचं ते ठरलेलं आहे: तारली किंवा बांगड्याचा तुकडा, नुसत्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, काटा काढून, कुस्करून. मीठ नाही, कोकम नाही. कच्चं देत नाही. उकळलेलं पाणीही वाटीत घालते, ते आधी संपतं. खारा बांगडा अजिबात नको. जवळा घेतला तर वाळू आणि खारटपणा जाईपर्यंत धुवायचा, तव्यावर कोरडा परतायचा आणि चिमूटभर जेवणावर भुरभुरायचा. रुसलेलं मांजर यावर हमखास परत ताटाशी येतं.

खूर_ते_शेपूट

खाजाताई, ते पाणी वाटीत घालता ते फार उत्तम करता. टॉरीन नावाचा घटक कुत्रं स्वतःच्या शरीरात बनवतं, मांजराला ते पुरेसं जमत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो आणि पाण्यात उतरतो. उकळलेलं पाणी मोरीत ओतलं तर टॉरीनही गेलं. याची कमतरता झाली की मांजराचं हृदय फुगून सैल पडतं. हा संबंध १९८७ मध्ये कळला, तोही डेव्हिसलाच. गंमत म्हणजे तेव्हा आजारी पडलेली मांजरं तयार डब्यातलं अन्न खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीन वाढवलं.

तेव्हा मांजरासाठी कोंबडीचं हृदय हा सोन्यासारखा खाऊ. बारीक चिरून, दोन चमचे पाण्यात वाफवून, पाण्यासकट. कलेजी आठवड्यातून एकदा अंगठ्याएवढी. मांजरं तिच्या नादी लागतात आणि रोज दिली की अ जीवनसत्त्व साठून मान-मणके आखडतात. कच्च्या मासळीत बी-१ नष्ट करणारं विकर असतं, त्यामुळे उकळणं बरोबरच. आणि दूध: मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, जुलाब होतात, कितीही आवडलं तरी.

ओसरी_पारवा

पण शेठ शिऱ्यासाठी अंगावर येतो. गोडाची एवढी आवड?

खूर_ते_शेपूट

तुपाची. मांजराला गोड चव कळतच नाही, तिच्या जिभेवरची ती सोयच निकामी आहे. आणि शिऱ्यात बेदाणे असतात, त्यामुळे देऊ नका.

बेकेलाईट

न्यू जर्सीहून. इथे सगळे पीनट बटर रबरी खेळण्यात भरून गोठवतात, कुत्रं अर्धा तास चाटत बसतं. भारतातही आता मिळतं म्हणून सावध करते: डब्याच्या मागे झायलिटॉल आहे का बघा. काही ठिकाणी नुसतं ९६७ लिहितात. आपल्याला निरुपद्रवी असलेली ही साखर कुत्र्याच्या पोटात गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते, पुढे यकृतही जातं. साखरविरहित च्युइंग गम आणि टूथपेस्टमध्येही असतं. त्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे सालं काढून घरीच मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा. चटणीच्या भांड्यात तीन मिनिटं. फक्त लसूण-तिखटाचं भांडं आधी धुवा. :)

शून्य_मिनिटे

ताई, लसूण खरंच एवढा वाईट? गोचीड जाते म्हणून पाकळी खाऊ घाला, असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात येतं.

खूर_ते_शेपूट

येतं खरं, आणि दर पावसाळ्यात मी डोक्याला हात लावतो. कांदा, लसूण, पात, सगळे एकाच घरातले. त्यांच्यातले गंधकाचे पदार्थ तांबड्या रक्तपेशी फोडतात. कुत्र्याच्या प्रत्येक किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तर रक्तात बदल दिसतात, मांजराला ५ ग्रॅमच पुरतो. शिजवून, तळून, वाळवून विष कमी होत नाही. चार-पाच दिवसांनी कुत्रं मलूल होतं, लघवी लालसर-तपकिरी येते, आणि तोवर रविवारचा रस्सा-भात सगळे विसरलेले असतात. आपल्या स्वयंपाकातला खरा धोका तो आहे: उरलेला रस्सा. वाटण घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढले की प्रश्न मिटला.

द्राक्षं आणि बेदाणे-मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नाही. चॉकलेट जेवढं गडद तेवढं वाईट. कॉफी, जायफळ, कच्चं आंबवलेलं पीठही नको. दिवाळीत आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते मात्र तळलेलं-तुपातलं खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेले.

डिंकाचा_लाडू

आंब्याची कोय यात घाला. भाचीच्या बीगलची पोट फाडून काढावी लागली.

खूर_ते_शेपूट

अगदी. मेमध्ये कोय, जुलैत दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस. दोन्ही क्ष-किरणात नीट दिसतही नाहीत. आंब्याची फोड आणि सुटे मक्याचे दाणे चालतात.

नदीकाठची

ससा आणि लव्हबर्ड्सना काही?

खूर_ते_शेपूट

सशाला शिजवलेलं काहीच नको. पोळी, पाव, बिस्किट तर नकोच. दिवसाचा बहुतेक आहार सुकं गवत, दात आणि आतडं दोन्ही त्यावर चालतं. वर कोथिंबीर, मुळ्याचा पाला. गाजर त्याचा खाऊ आहे, जेवण नाही, नखाएवढा तुकडा.

लव्हबर्ड किंवा बजरीगरला राळे, मोड आलेले मूग, कडक उकडलेल्या अंड्याचा कण. तासाभराने उरलेलं अंडं काढून टाका. अ‍ॅव्होकॅडो पक्ष्यांना मारक आहे. आणि कुणी पोपटाबद्दल विचारायच्या आधीच सांगतो: आपला हिरवा राघू घरात पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पाटा_वरवंटा

पनीर-दुधीवर लॅब खूश आहे. एक शंका: बिस्किटं पावसाळ्यात किती टिकतात?

ओसरी_पारवा

कोकणात-पुण्यात पावसाळ्यात बाहेर चार दिवससुद्धा नाही. भोपळ्याचा ओलावा आत राहतो. मधोमध मोडून बघा, ओलसर लागलं तर पुन्हा भाजा. फ्रीजमध्ये आठवडा, फ्रीझरमध्ये दोन महिने. बुरशीचा ठिपका दिसला तर खरवडून देऊ नका, अख्खा डबा फेका. आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आमच्याकडे सासरे चहाबरोबर पाच खाऊन "यंदा साखर कमी पडली" म्हणाले होते.

तिसरी_शिट्टी

टरफलांची पूड सुरू केली, डॉक्टरांकडून पावडरही लिहून आणली. कुत्रा पहिल्यांदा वाटी हुंगून निघून गेला. पावडर आधी चमचाभर दह्यात कालवून मग जेवणात मिसळली, तेव्हा खाल्लं.

लातूरकर_नाना

टरफलाचं मीही केलं. व्यायलेली कुत्री आहे, म्हटलं बघू. जात्यावर दळली, मिक्सरपेक्षा झकास निघते. भाकरी मात्र बंद होणार नाही.

खूर_ते_शेपूट

बंद करूच नका. पण दूध पाजणाऱ्या कुत्रीचा हिशेब निराळा असतो, तिची भूक दुप्पट-तिप्पट होते. किती पिल्लं आहेत ते कळवा, प्रमाण सांगतो. तोवर तिला दिवसातून चार वेळा घाला, आणि मध्येच थरथरायला लागली तर टरफलाच्या भरवशावर न राहता तडक दवाखान्यात न्या.

लातूरकर_नाना

सात.